गालाला लाकूड लागलं पाहिजे

रायफलीवर दुर्बीण किती उंच बसवावी, यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी मुलाच्या लग्नातही झाली नव्हती. शेवटी जिंकलो मीच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच घोर नको.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीचं पुस्तक बघितलंय, पण लांबून. मुंबईच्या गोदीत क्रेन चालवून मुलाला शिकवला, तो कॉम्प्युटरवाला झाला, त्याला बायको डॉक्टर मिळाली, आणि तिला ऑस्ट्रेलियात, टूवूंबाच्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आम्ही म्हातारा-म्हातारीही त्यांच्या सामानाबरोबर इथे आलो. सगळ्यांना एकच चिंता, बाबांचा वेळ कसा जाणार. गाडी मला चालवता येत नाही, बस इथे असून नसल्यासारखी, आणि इंग्रजी म्हणाल तर गोदीतलं, म्हणजे 'स्लो', 'स्टॉप' आणि एक-दोन शिव्या. त्यांनी मला मराठी चॅनेल लावून दिले. काही दिवस बघितले आणि रिमोट हिच्या हातात देऊन मी अंगणात जाऊन बसलो.

वेळेचं काम एका भोपळ्याने केलं. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला एका शेतकऱ्याची टपरी आहे. टपरीवर माणूस नाही, नुसते भोपळे आणि पैसे टाकायला एक डबा. ही भोपळा निवडत होती आणि मी मागच्या शेताकडे बघत होतो. ज्वारीचं शेत. एवढी ज्वारी मी जन्मात एका जागी बघितली नव्हती, आभाळाला टेकेपर्यंत नुसती ज्वारी. पण कडेची ताटं आडवी झालेली, आणि माती अशी उकरलेली की मला आमच्या कोकणातलं भात आठवलं. तेवढ्यात मालक आला. माझ्याच वयाचा, टोपीखालून नुसतं नाक दिसणारा माणूस. मी बोट दाखवून म्हटलं, "पिग." तो म्हणाला, हो, पिग. मग मी माती हातात घेतली, खूर कुठे रुतलाय ते दाखवलं, कळप कुठून शिरला आणि कुठून गेला ते हाताने दाखवलं. त्याने टोपी मागे सरकवली. त्याचे डोळे मला तेव्हा पहिल्यांदा दिसले.

आमच्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती, शेत राखायला सरकारने परवाना दिलेली. रानडुकरं भातात लोळायची आणि वडील माचावर बसायचे. मी शाळेत कमी आणि त्या माचावर जास्त शिकलो. हे सगळं मुलाने त्या शेतकऱ्याला इंग्रजीत सांगितलं, आणि पुढच्या काही महिन्यांत मी कोर्स केला, परीक्षा दिली, नापास झालो, परत दिली, पास झालो, लायसन्स काढलं, पोलिसांना हवी तशी लोखंडी तिजोरी गॅरेजात बसवली आणि एक जुनी रायफल घेतली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, वर एक छोटी दुर्बीण. सून म्हणाली, "बाबा, लोक या वयात बागकाम करतात." मी म्हटलं, मी ज्वारीचंच बागकाम करतोय.

शेतकऱ्याचे नियम फार नव्हते. पहिल्यांदा आम्ही त्याच्या शेतात शिरलो तेव्हा त्याने एवढंच सांगितलं, "शट द गेट, मेट." मुलगा म्हणाला, बाबा, इथल्या लोकांचं असंच असतं. ज्याला गेट लावायला सांगितलं तो आपला माणूस. बाहेरच्याला ते गेटाच्या आत घेतच नाहीत.

काही वर्षं फार चांगली गेली. मग माझी पंच्याहत्तरी आली.

मुलाने मला नवी दुर्बीण भेट दिली. काय दुर्बीण होती! पुढची काच पुरणपोळी भाजायच्या तव्यासारखी, निदान मला तशी वाटली. त्या काचेतून समोरच्या टेकडीवरची गाय काय खातेय ते दिसायचं. मुलाने कॉम्प्युटरवर शोधून, विचारून, वाचून ती मागवली होती. पण काच एवढी मोठी म्हटल्यावर ती नळीला लागू नये म्हणून उंच बसवायला लागते. म्हणून दुर्बीण ज्यावर बसते ते माउंट त्याने आणले उंच, पोलादी, दणकट. पुलाचे खांब असावेत तसे. ते सगळं चढवलं आणि माझी रायफल डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईसारखी दिसायला लागली.

आणि मी चुकायला लागलो.

आधी एक गोळी गेली, मी म्हटलं वारा असेल. मग दुसरी. मग उन्हाळ्याच्या शेवटी, ज्वारी पिकायला आली होती तेव्हा, ओढ्याच्या काठाला एक मोठा डुक्कर उभा होता, आडवा, निवांत, माझ्या वडिलांनी झोपेत मारला असता असा. मी चाप ओढला आणि तो लंगडत ज्वारीत शिरला. जखमी डुक्कर ज्वारीत सोडणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात निखारा टाकून येणं. अंधार पडेपर्यंत शोधला, मिळाला नाही. शेतकऱ्याला तो दुसऱ्या दिवशी सापडला, आणि माझं उरलेलं काम त्याला संपवावं लागलं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने मुलाला बाजूला घेतलं आणि जे सांगितलं ते मुलाने मला गाडीत सांगितलं. पेरणीच्या आधी मी त्याच्यासमोर शंभर मीटरवरून तीन गोळ्या चहाच्या बशीएवढ्या जागेत मारून दाखवायच्या. जमलं तर पहिल्यासारखं. नाही जमलं तर तो दुसरा कुणी तरणा माणूस बघणार. आणि त्याने शेतात येऊ दिलं नाही तर इथल्या कायद्याप्रमाणे मला रायफल ठेवायचं कारणच उरत नाही, म्हणजे लायसन्स गेलं, रायफल गेली, आणि मी परत मराठी चॅनेलवर. त्या दिवशी आमची गाडी बाहेर पडल्यावर गेट त्याने स्वतः लावलं. मी मागच्या काचेतून बघत होतो.

घरात सगळ्यांनी निदान केलं. डॉक्टरच्या घरात निदानाला तोटा नाही. सून म्हणाली, डोळे. मला घेऊन गेली डोळेवाल्याकडे. त्याने मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माझ्या डोळ्यांत उजेड मारून बघितलं आणि म्हणाला, याला माझ्यापेक्षा बरं दिसतं. मग मुलगा म्हणाला, हात थरथरत असतील. मी उठलो. हिच्या शिवणाच्या डब्यातली सगळ्यांत बारीक सुई घेतली, त्याच्यासमोर दोरा ओवला आणि सुई त्याच्या हातात दिली. तेव्हा तो म्हणाला, "बाबा, वय होतंच ना शेवटी. माणसाने कुठेतरी थांबावं."

असं मला गोदीतल्या साहेबानेही कधी म्हटलं नव्हतं.

एका दुपारी, इथले लोक आर्वो म्हणतात त्या वेळी, गॅरेजचं दार लावून मी तिजोरीतून रायफल काढली. बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा मुठीचा दांडा, काढून बाजूला ठेवला. आणि वडिलांनी माचावर शिकवलं होतं ते केलं. वडील म्हणायचे, आधी डोळे मीट. मग बंदूक खांद्याला लाव, गाल लाकडावर टेकव, मान सैल सोड. मग डोळे उघड. उघडल्यावर जे दिसतं ते खरं. ते दिसायला मान हलवावी लागली तर बंदूक तुझी नाही.

मी डोळे मिटले, गाल टेकवला, डोळे उघडले. काळोख. दुर्बिणीत खाली एक चंद्राची कोर तेवढी उजळ, बाकी काळं. मी हनुवटी वर उचलली, आणखी उचलली, तेव्हा कुठे पूर्ण गोल उजळला. पण तोवर गाल लाकडावरून पार सुटलेला, हनुवटी हवेत, आणि सगळं डोकं मानेवर लोंबकळतंय. मान जरा इकडे झाली की नेम तिकडे. जुन्या रायफलींचे दस्ते नळीवरच्या नुसत्या माशीवरून नेम धरायला केलेले असतात, म्हणून खाली उतरते. त्यावर खांब उभारून दुर्बीण चढवली तर गाल टेकणार कुठे? त्यात माझी मान आखूड. आमच्या घराण्यात सगळ्यांचीच.

शिवाय वजन. गोदीत भार किती आहे त्याइतकंच तो कुठे टांगलाय हे महत्त्वाचं असायचं. भार वर गेला की डोलतो. ती रायफल ओढ्याच्या काठाने धरून चालताना सारखी उजवीकडे कलंडायची आणि मी मनगटाने तिला सावरत बसायचो. नेम धरायच्या आधीच हात दमलेला.

रात्री जेवताना मी जाहीर केलं, उंच माउंट काढणार. हलके, बुटके माउंट आणणार. आणि जुनी छोटी दुर्बीण परत लावणार, कारण मोठी काच बुटक्या माउंटवर बसतच नाही, नळीला धडकते.

मुलाने घास खाली ठेवला. "म्हणजे मी दिलेली दुर्बीण वाईट?"

"दुर्बीण वाईट नाही. उंच आहे."

"बाबा, हलके माउंट ॲल्युमिनियमचे असतात. एवढा धक्का बसतो गोळीचा, ते टिकणार आहेत का? सगळीकडे लिहिलंय की पोलाद बेस्ट."

"लिहिणाऱ्याची मान लांब असेल."

सून हसली, मग नवऱ्याचं तोंड बघून पाणी प्यायली. मुलाने ताट जरा पुढे सरकवलं. मग म्हणाला, "इतके दिवस बोलला का नाहीत मग?"

"तू दिलीस म्हणून."

हिने त्याला आणखी भात वाढला, त्याने तो खाल्ला, आणि शनिवारी मला गाडीत घालून दुकानात घेऊन गेला. वाटेत मात्र पोलादाची बाजू त्याने सोडली नाही, आणि मी मानेची.

बंदुकीच्या दुकानात काउंटरवर एक बाई असते. दंडावर गोंदलेला मासा, आवाज गोदीतल्या मुकादमासारखा. तिने काचेवर माउंटच्या, म्हणजे दुर्बीण धरणाऱ्या रिंगांच्या जोड्या मांडल्या, बुटक्या, मधल्या, उंच, त्याहून उंच. मी म्हटलं, सगळ्यांत बुटकी. ती म्हणाली की सगळ्यांत बुटकी चांगली वाटते, पण तीन ठिकाणी अडते. पुढची काच नळीला लागता कामा नये, बोल्टची मूठ वर उचलताना दुर्बिणीच्या मागच्या टोकाला लागता कामा नये, आणि तुझं डोकं कुठे बसतं ते तुझं तू बघ. मुलगा भाषांतर करत होता, पण मला गरज नव्हती, ती सगळं हातानेच सांगत होती.

मी म्हटलं, आधी डोकं. तिथेच डोळे मिटून रायफल खांद्याला लावली. तिने छोटी दुर्बीण बुटक्या रिंगांत अलगद ठेवून दिली होती. डोळे उघडले. पूर्ण गोल! कडेला काळ्याची रेघसुद्धा नाही. गाल लाकडावर असा बसला की उठवावासा वाटेना. दुकानातली दोन माणसं बघत होती, बघू देत.

पण बोल्ट उचलला आणि मूठ टक् करून दुर्बिणीला लागली. एवढंसंच, नखाएवढं. बाई म्हणाली, मग मधली घे. मुलगा म्हणाला, हो बाबा, मधली घ्या. मधली लावून बघितली, तर परत ती कोर आली, थोडी जाड, पण कोरच. मी रिंगा काढून काउंटरवर ठेवल्या आणि हाताची घडी घातली. मुलगा माझ्याकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीने बघायला लागला. मी हललो नाही. बाईने माझ्याकडे बघितलं, मग आत गेली आणि दुसऱ्या एका बनावटीची बुटकी जोडी घेऊन आली. पाकिटावर दोन्हीकडे 'लो'च लिहिलेलं, पण एका कारखान्याचं बुटकं दुसऱ्याच्या बुटक्यापेक्षा किंचित उंच असतं म्हणे. पाकिटावरच्या शब्दाला विचारू नका, रिंग लावून बघा, हे मी तिथे शिकलो. ती जोडी लावली, बोल्ट उचलला, मूठ सुटली. तिने मूठ आणि दुर्बिणीच्या मधे आपलं कार्ड सरकवून दाखवलं. कार्ड आरपार गेलं. पुढे काच आणि नळीच्या मधेही गेलं. आणि गाल आपल्या जागी.

मग मुलाने ॲल्युमिनियमचं विचारलं. ती म्हणाली, चांगल्या बनावटीचं असेल तर काही होत नाही. स्क्रू सगळे सारखे आवळा, एकदम एक नाही, थोडा हा, थोडा तो. आणि बसवताना सगळं क्लीन ॲन्ड ड्राय. हे तिने दोनदा सांगितलं. क्लीन मी लक्षात ठेवलं.

घरी येऊन मी जुने आणि नवे माउंट हिच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. ही म्हणाली, "अहो, डुकराचं सामान माझ्या काट्यावर नको." मी म्हटलं, डुकराला अजून लागलं कुठे हे. जुने पोलादी भरले एका मोठ्या कांद्याएवढे. नवे भरले लसणीच्या गड्डीएवढे. मी खरंच कांदा आणि लसूण ठेवून बघितलं. मुलाला बोलावून दाखवलं. त्याने लसूण उचलून हिला परत दिली.

गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबच्या मैदानावर जाऊन नेम लावून घेतला. गोळ्या एकमेकींशेजारी पडायला लागल्या, पाटावर जेवायला बसल्यासारख्या. मी मुद्दामच मुलाकडे बघितलं नाही. विजयात माणसाने मागे वळून बघू नये, मागून कुणी हसत असेल तर चव जाते.

शेतकऱ्याने पेरणीचा आठवडा कळवला तेव्हा मी कालनिर्णय बघितलं. त्याच्या आदल्या आठवड्यात दसरा. मी मुलाला म्हटलं, दसऱ्याला जायचं. सीमोल्लंघनाचा दिवस आहे, दुसरा दिवस शोधायचा कशाला? त्याने दुपारची सुट्टी टाकली.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी विळी, कोयता, पहार, सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडतात आणि पूजा करतात. वडील ठासणीच्या बंदुकीला खोबरेल लावायचे, इतकं की ती अंधारात चकाकायची. मीही तसंच केलं. पाटावर सुनेचा स्टेथोस्कोप, मुलाचा लॅपटॉप, हिची विळी, माझा पाना, आणि मधोमध रायफल, बोल्ट काढलेली. पूजेला हत्यार अर्धवट पुसलेलं चालत नाही म्हणून मी दुर्बीण काढली, रिंगा काढल्या, प्रत्येक स्क्रू काढला, सगळं लख्ख केलं, आणि वडिलांसारखं खोबरेल लावलं. स्क्रूंनासुद्धा. मग परत जोडलं. हळद-कुंकू, फुलं, निरांजन. सून म्हणाली, बाबा, आज ही नवरीसारखी दिसतेय. खरंच दिसत होती.

दसऱ्याला आम्ही चौघं निघालो. सुनेची शिफ्ट नव्हती. हिने डब्यात श्रीखंड-पुरी घेतली होती आणि पिशवीत आपट्याची पानं. आपटा इथे नाही, पण त्याचीच बहीण असलेलं एक झाड टूवूंबात रस्तोरस्ती आहे, तसंच दुभंगलेलं पान. ही दरवर्षी शेजारणीच्या झाडाची विचारून आणते.

शेतकऱ्याने एका पुठ्ठ्यावर त्याच्या चहाची बशी ठेवून पेन्सिलीने गोल काढला होता आणि तो शंभर मीटरवर खांबाला ठोकला होता. बाजूला खुर्ची, टेबल, वाळूची पिशवी. गेट त्याने स्वतःच उघडलं आणि आम्ही आत आल्यावर स्वतःच लावलं. हे माझ्या लक्षात आलं.

मुलाने गाडीतून काय काढलं असेल? ती मोठी दुर्बीण. नुसतीच, रायफलीशिवाय. टॉवेलची गुंडाळी बॉनेटवर ठेवून त्यावर ती टेकवली आणि पुठ्ठ्याकडे लावून बसला. म्हणाला, मी भोकं बघतो.

मी बसलो. डोळे मिटले, गाल टेकवला, डोळे उघडले. पूर्ण गोल. श्वास सोडला, चाप ओढला.

"वर गेली, बाबा. बशीच्या बाहेर."

मी म्हटलं, वारा. दुसरी मारली. ती डावीकडे, पहिलीपासून लांब. शेतकरी आपल्या दुर्बिणीतून बघत होता, ती त्याने खाली केली. त्याच्या तोंडावर राग नव्हता, सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं, आणि मला तेच झोंबलं. सून हिचा हात धरून उभी होती. मला माझ्या कानात माझाच आवाज येत होता, तुझा गाल बरोबर आहे, तुझा गाल बरोबर आहे.

मुलगा उठून आला. मला वाटलं आता म्हणणार, पोलाद घ्यायला हवं होतं. मी बोल्ट काढून ठेवला. तो खाली वाकला, दुर्बीण दोन बोटांत धरली आणि जराशी फिरवली. ती फिरली.

"बाबा, हे हलतंय." मग त्याने बोट बघितलं, वास घेतला. "हे काय लावलंय?"

"खोबरेल."

"रिंगांच्या आत?"

"खंडेनवमीला अर्धवट हत्यार मांडतात काय?"

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला. इतका हसला की टेबलाला धरून उभा राहिला. तेल लावलेले स्क्रू धक्क्याने सैल झाले होते आणि दुर्बीण रिंगांत घसरली होती, अंगाला तेल चोपडलेल्या पैलवानासारखी. बाई दोनदा म्हणाली होती ड्राय. शेतकऱ्याने विचारलं काय झालं. मुलाने सांगितलं की आमच्याकडे वर्षातून एक दिवस हत्यारांना तेल-कुंकू लावून पूजा करतात, आणि बाबांनी पूजा जरा जास्त मनापासून केली. शेतकरी थोडा विचार करून म्हणाला की तोही वर्षातून एकदा हार्वेस्टरचं हेच करतो, फक्त तो त्याला सर्व्हिस म्हणतो. मग म्हणाला, त्या दोन गोळ्या तेलाच्या होत्या, तुझ्या नाहीत. माझा चहा होईपर्यंत जमव.

सुनेने गाडीतली हात धुवायची स्पिरिटची बाटली आणली. मी छोट्या चावीने सगळे स्क्रू काढले. मुलाने एकेक स्क्रू, एकेक रिंग स्पिरिटने पुसली आणि सुनेच्या ओढणीवर वाळत मांडली. आम्ही बापलेक गेल्या कित्येक वर्षांत एका टेबलावर असे वाकलो नव्हतो. त्याने दुर्बीण धरली, मी आवळलं, थोडा हा, थोडा तो. मग बोल्टच्या जागेतून नळीतून आरपार बघून पुठ्ठा मधे आणला, दुर्बीण त्याला जुळवली, आणि शेतकऱ्याला विचारून एक गोळी फक्त बघायला मारली. मुलाने मोठ्या दुर्बिणीतून सांगितलं, इतकी खाली, इतकी उजवीकडे. मी दुर्बिणीवरच्या नेम जुळवायच्या चकत्या फिरवल्या.

मग डोळे मिटले.

गाल लाकडावर. डोळे उघडले. पूर्ण गोल, आणि त्याच्या मधोमध बशी. चाप.

"आत."

बोल्ट उचलला. मूठ सुटली, कुठे लागली नाही. परत गाल. चाप.

"आत. पहिलीच्या शेजारी, बाबा."

तिसरीच्या वेळी मी जरा थांबलो. घाई नव्हती, मला तो गोल सोडवत नव्हता. वडिलांचा माच, भाताचा वास, सगळं त्या गोलात होतं आणि मान अजिबात दुखत नव्हती. चाप ओढला.

मुलाकडून 'आत' आलं नाही. मी वळून बघितलं. तो अजून मोठ्या दुर्बिणीला डोळा लावूनच होता. मग म्हणाला, "तिन्ही आत. तिन्हींवर माझा अंगठा ठेवला तर झाकतील."

"ही काच भारी आहे तुझी," मी म्हटलं. "एवढं स्पष्ट दिसायला पाहिजेच ती." आणि ते मी मनापासून म्हटलं. ती दुर्बीण तेव्हापासून याच कामाला आहे, आणि पौर्णिमेला सगळे मिळून तिच्यातून चंद्र बघतो.

शेतकरी चहाचा मग घेऊन पुठ्ठ्यापर्यंत चालत गेला, उभा राहिला, चालत परत आला. ही पुढे झाली आणि त्याच्या हातात आपट्याच्या बहिणीचं पान ठेवलं. मुलाने सांगितलं, हे सोनं, आजच्या दिवशी देतात. त्याने पान उलटसुलट बघितलं आणि टोपीच्या पट्ट्यात खोचलं. म्हणाला, ओढ्याच्या पलीकडे कालपासून कळप आहे, पेरणीच्या आधी हलवायला हवा. मला मागची वाट माहीत आहेच. तो यूट, म्हणजे त्याची मागून उघडी गाडी, काढायला शेडकडे निघाला आणि जाता जाता, मागे न बघता म्हणाला, "शट द गेट, मेट."

मधलं गेट उघडंच होतं, ओढ्याकडे जाणारं. मी रायफल खांद्याला अडकवली. कांदा-लसणीएवढा फरक, पण खांद्याला कळत होता. ही मागून म्हणाली, श्रीखंड राहिलंय. मी म्हटलं, आल्यावर. मग गेटातून आत गेलो आणि ते आतून लावून घेतलं.